काकांचे तात्पुरते ग्वाल्हेर

मनमाडपासून झाशीपर्यंत माझ्या डब्याची खिडकी चार बोटे उघडीच राहत होती आणि तेवढे वारे नेमके माझ्याच कानात शिरत होते. एवढ्या घोर अन्यायाची दाद कोणाकडे मागावी हे न कळल्यामुळे ती वाचकांकडे मागतो. हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाणाऱ्याने कानटोपी न्यावी आणि टांग्याचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. रस्ता चांगला आहे. टांगेवाल्याची स्मरणशक्ती तशी नाही.

मी गेलो काकूच्या बोलावण्यावरून. माझे काका तीस वर्षांपूर्वी संस्थानच्या नोकरीसाठी पुणे सोडून येथे आले, ते 'तात्पुरते'. पेन्शन झाली तरी दौलतगंजात भाड्याच्या घरात तात्पुरतेच आहेत. जाताना नेता यावी म्हणून तुळससुद्धा रॉकेलच्या डब्यात! आता मालकाने घर विकायला काढले होते आणि आधी काकांनाच विचारले होते. काका म्हणत, आपल्याला परत जायचंय.

"या वयात बिऱ्हाड घेऊन कुठे फिरू रे?" काकू दारातच म्हणाली. "तू तरी समजाव त्यांना."

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर किल्ला पाहिला (सकाळीच चढा, चढ उभा आहे), दाल बाजारात गरम कचोरी खाल्ली. प्रत्येक गोष्टीवर काकांचा एकच शेरा, "आपल्याकडे असं नसतं." त्यांचे ते पुणे कुठे आहे हे विचारून घ्यावेसे वाटले, मी तिथे राहतो, पण मला अजून सापडलेले नाही. तोच शेरा मारून काका कचोरीवाल्या हलवायाशी हिंदीत असे भांडले, की त्याने हात जोडले.

संध्याकाळी काकूने मी नेलेल्या आंबेमोहोराचा भात केला. काका तूप-मेतकूट घेऊन हौसेने बसले. चार घास झाले आणि ते इकडेतिकडे पाहू लागले.

"फुलके नाही केलेस?"

"अहो, या भातासाठी इतकी वर्षं जीव टाकत होतात ना?"

"चांगलाच आहे गं, पण पेट नाही भरत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडचा तांदूळ उत्तमच. आम्हांला आता सवय राहिली नाही."

तुमच्याकडचा! काकूचा हात पळीवरच थांबला. त्यांची मुलगी सुशी हसली, "बाबा, हो गया फैसला!" काकांनी तिच्यावर डोळे वटारले, पण स्वतःचे बोलणे त्यांनाही ऐकू आले होते. मी पुण्याहून नेलेले सगळे वक्तृत्व न वापरता परत आणले.

परमुलखात माणूस बदलतो, पण ते सर्वांत शेवटी त्याला कळते. जीभ बदलते, पोट बदलते, भांडायची भाषा बदलते. मन मात्र निघायची वळकटी बांधून बसलेले. आम्ही जागचे न हललेले लोक तर त्याहून थोर. आपण बदललोच नाही, अशी आमची खात्री असते.

सकाळी काका टोपी घालून निघाले.

"कुठे?" काकूने विचारले.

"मालकाकडे. येताना गवंड्याला सांगतो. तुळशीला वृंदावन नको?"

काकू चहा गाळायला वळली. माझ्या चहात साखर दोनदा पडली.

परतीच्या गाडीसाठी तिने आपली रजई मला दिली होती. पुण्याला आल्यावर ती उन्हात घातली, कापडात नीट शिवून तिचे पार्सल केले. काकांच्या पत्त्यावर आजवर घरमालकाचे नाव घालावे लागे. या वेळी ते गाळले, त्या जागी काकूचे लिहिले आणि पार्सल स्टेशनावर देऊन आलो.