आजोबांचं नाव आणि घरपट्टीची सवलत

तुमच्या घरचं लाईट बिल ज्याच्या नावानं येतं, तो माणूस जिवंत आहे का?

आमच्याकडे नव्हता. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बिल त्यांच्याच नावानं यायचं. घराचा उताराही त्यांचाच. पेठच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा.

आजोबा मेंढरं घेऊन हिंडणारे. दिवाळी झाली की कळप घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. मधले सगळे महिने पालावर. मुक्कामाच्या गावात कोणी ना कोणी हटकायचंच, "कुठले रे तुम्ही?" गावाचं नाव सांगून कोणाचा विश्वास बसत नसे. मग त्यांनी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं, मीटर घेतलं. त्या वर्षी कळपाबरोबर निघताना कोपरीच्या आतल्या खिशात त्यांनी बिलाची घडी घातली. कोणी हटकलं की ते ती उलगडून दाखवायचे, "हे बगा. माजं घर हाय. मीटर हाय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवडे बाजारात पत्रकं वाटायचे. कधी पाण्याची, कधी ऊसतोड कामगारांच्या मजुरीची. उरलेली गुलाबी, पिवळी पत्रकं घरी यायची, आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. 'जागे व्हा' मला अननसाच्या आधी वाचता आलं. पत्रक वाचून झालं की आजोबा बिल पुढे सरकवायचे. "आता ह्ये वाच. वरचं नाव मोठ्यानं." मी वाचायची. ते मेंढरांकडे बघत ऐकायचे आणि म्हणायचे, "आजून एकदा."

अशा घरातली मुलगी मोठी होऊन पत्रकंच काढणार. मागच्या वर्षी मी सोलरवर काढलं. छतावर पॅनेल बसवायला सरकार अनुदान देतं, मग गावानं घरपट्टीत सवलत का देऊ नये? ऊन सगळ्यांच्या स्लॅबवर सारखं पडतं, घरपट्टी सगळ्यांना भरावी लागते, तेव्हा हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असं मी ठासून लिहिलं. ग्रामसभेत एक जण ओरडला, "आता उन्हावर बी सूट मागा!" मी म्हणाले, "मागतेच आहे, भाऊ. सावलीत बसून मिळायची नाही." सभा हसली, आणि ठराव मंजूर झाला.

पहिला अर्ज मीच नेला. ग्रामसेवकांनी उतारा पाहिला, बिल पाहिलं, चष्मा काढला. "ताई, मालक मयत आहेत. मयताच्या नावावर ना अनुदान मिळतं, ना सवलत. आधी वारस नोंद करा, हे नाव कमी करून घ्या."

मागे रांगेतला एक जण म्हणाला, "घ्या राव! गावाला जागं केलं आन् सोताच्या घरात झोप."

मला हसता आलं नाही. त्याचं खरं होतं.

घरी सांगितलं तर अण्णा उठून अंगणात गेले. तिथूनच म्हणाले, "नाव काढायचं न्हाई."

"अण्णा, नियम आहे. पत्रकात मीच लिहिलंय की हक्क मागून घ्या."

"तुजं पत्रक ऱ्हाऊ दे. सारा जलम पालावर काढला त्यानं. ह्या एका घरावर नाव लागलं, ते बी मी पुसू? परत उघड्यावर काढू त्याला?"

लोकांच्या घरांबद्दल मला सगळं ठाऊक होतं. आमच्या घराचा अर्ज मात्र मी घडी घालून फळीवर ठेवला. आठवडाभर आम्ही जेवणापुरतं बोललो.

वारस नोंदीला अण्णांच्या बहिणीची सही लागणार होती, म्हणून मीच फोन करून आत्याला बोलावलं. ती वारूळवाडीला दिलेली. एसटीतून उतरली, पाणी प्यायली, सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांकडे वळली.

"तुजं पूर्ण नाव सांग बरं."

"आता ह्ये काय?"

"सांग की. तुज्या नावाच्या मदी कोन हाय? बाच हाय ना? तू सही करशील तवा बा तितंच ऱ्हानार. माज्या नावातनं तर तो लग्नाच्या दिशीच गेला. मला कुनी इचारलं व्हतं? मी बसले का रुसून?"

अण्णांनी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव हळूहळू लिहिलं, मधल्या नावाशी जरा थांबले. खाली जागा सोडून कागद आत्याकडे सरकवला. "आक्के, तुजं बी लिव. तुजं बी घर हाय."

आत्याला अक्षर जुळवून सही करावी लागते. ती म्हणाली, "मला सवलत नको रं, पन नाव लिवते."

हक्कसोडीवर सही करून माहेरचा वाटा सोडून देणाऱ्या कितीतरी बहिणी मी तालुक्याच्या कचेरीत पाहिल्यात. भावाच्या शेजारी नाव लिहिणारी मी पहिल्यांदाच पाहिली.

आता पॅनेल बसलीत. घरपट्टीची नवी पावती दोघांच्या नावानं आली, सवलत वजा होऊन. अण्णांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली, आणि मधलं नाव वाचून झाल्यावर घडी कोपरीच्या आतल्या खिशात ठेवून गुंडी लावली.

तुमच्या गावात असा ठराव नसेल, तर येत्या ग्रामसभेत उभं राहून मागा. आणि त्याआधी घराची वारस नोंद करून घ्या. त्या अर्जावर बहिणीची सही घ्याल, ती वारस म्हणून घ्या, वाटा सोडणारी म्हणून नको.