गोदानात मिळालेली मोटार

"बिघडलेली नाही हो, विचार करतेय," असं म्हणून गुरुजी मोटारीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटून थोडा वेळ स्वस्थ उभे राहायचे. तोवर मी मागे जाऊन बाह्या सरसावलेल्या असायच्या, कारण हा विचार शेवटी धक्का मारण्यापाशीच येऊन थांबतो हे अख्ख्या रामनगरच्या बाजाराला ठाऊक होतं.

तुमच्याही ओळखीत जुन्या गाडीचा एखादा वेडा असेल. पाहुण्याला चहाच्या आधी इंजिन दाखवणारा, रस्त्यात खड्डा लागला की गाडीची माफी मागणारा. पण त्याला ती गाडी गोदानात मिळालेली नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

नव्वदच्या सुमारास बँकेनं माझी बदली बनारसला केली आणि मी पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत गुरुजींच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला गेलो. गुरुजींचं घराणं कित्येक पिढ्या काशीतलं. सकाळी पाठशाळेत व्याकरण शिकवायचे, आणि महाराष्ट्रातून यात्रेकरू आले की त्यांची धर्मकृत्यं करायचे. मराठी अस्सल, पण दर चार शब्दांना एक हिंदी शब्द सहज येऊन बसायचा. मला ते "मॅनेजरसाहेब" म्हणत. मी मॅनेजर नव्हतो, पण त्यांनी ते कधी मान्य केलं नाही.

मोटारीची कथा अशी. गंगेपलीकडच्या रामनगरच्या एका व्यापाऱ्याचे वडील वारले. मेलेल्या माणसाला वैतरणी तरून जाता यावी म्हणून गाय दान करायची, तिचं शेपूट धरून तो पार होतो, असं आपलं शास्त्र. व्यापारी म्हणाला, "गुरुजी, पिताजी गायीला फार घाबरत. त्यांचा जीव सगळा मोटारीत." गुरुजींनी बराच विचार केला आणि निर्णय दिला की दान घेणाऱ्याची हरकत नसेल तर चालेल. हरकत कसली, गुरुजी मोटारीकडे पाहून केव्हाच विरघळले होते. विधी यथासांग झाला. शेपटाच्या जागी व्यापाऱ्यानं धुराचा पाइप धरला आणि उदक सोडलं.

घरी काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ती मोटार राजघाटाचा पूल ओलांडत नाही," त्या म्हणाल्या, "वैतरणी काय ओलांडणार? ते म्हातारबाबा बसले असतील मध्येच अडकून."

दानात आलेली गाय विकता येत नाही, म्हणून मोटारही विकता येईना. आमच्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसानं मागे सरायचं, कारण बैल सरत नसे; तिथे मोटार येण्याचा प्रश्नच नव्हता. ती रामनगरलाच राहिली, त्याच व्यापाऱ्याच्या गोशाळेत, दोन म्हशींच्या मध्ये. वसुबारसेला गुरुजी काकूंना तिथे घेऊन जात. काकू तोंड वाकडं करून मोटारीच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावत, समोर नैवेद्य ठेवत आणि म्हणत, "गाय असती तर शेण तरी मिळालं असतं."

बॅटरी मात्र रोज घरी यायची. गोशाळेत ती कुणी पळवील अशी गुरुजींना धास्ती होती. संध्याकाळी टेंपोतून, धोतराचा सोगा सावरत, बॅटरी मांडीवर घेऊन ते रामनगरहून परतायचे. टेंपोतला एखादा विचारायचा, "ई का ह गुरुजी?" गुरुजी गंभीरपणे सांगायचे, "प्राण." घरी ती देवघराशेजारी पाटावर बसायची. एकदा तिच्यातलं ॲसिड सांडून काकूंच्या चटईला भोक पडलं, तेव्हा दोन दिवस घरात फक्त बॅटरीशी बोलणं चालू होतं, तेही गुरुजींचं एकट्याचं.

रामनगरचा मिस्त्री त्यांचा मित्र. एकदा इंजिनातून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "गुरुजी, अब इसको गंगाजी में प्रवाहित कर दीजिए." गुरुजींनी हातातला पाना खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून आले. पुढचा आठवडाभर ते मिस्त्रीच्या गल्लीतून गेले नाहीत. त्यासाठी त्यांना गोशाळेत जायला केवढा वळसा पडायचा!

आता या सगळ्यातलं खरं दुखणं सांगतो. मोटार मिळाली त्या वर्षी गुरुजींनी काकूंना हौसेनं फिरायला नेलं होतं. काकू रेशमी नऊवारी नेसून मागच्या सीटवर बसल्या, आणि मोटार भर चौकात विचार करू लागली. माणसं जमली. भाजीवाले, पानवाले, सगळे ढकलायला लागले आणि कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, विदाई हो रही है का?" काकू खाली उतरल्या, चालत टेंपोपर्यंत गेल्या आणि घरी आल्यावर एकच वाक्य बोलल्या. "ढकलावी लागणार नाही अशी झाली, की सांगा. तेव्हा बसेन."

बाकी जगानं काहीही म्हटलेलं गुरुजींना चालायचं. हे वाक्य मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पाठशाळा सुटली की ते गोशाळेत. दात घासायच्या जुन्या ब्रशनं प्लग घासायचे, कार्ब्युरेटर उघडून पंच्यावर मांडायचे, म्हशींना दूर सारून तासन्‌तास खाली आडवे व्हायचे. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "गुरुजी, एवढ्या खटपटीत नवी गाडी झाली असती." ते मोटारीखालूनच म्हणाले, "साहेब, नवी गाडी कुणालाही बसवते न. हिच्यात ती बसली पाहिजे."

मी शेजारी पडलेला पाना मुकाट त्यांच्याकडे सरकवला.

आणि एका हिवाळ्यात चमत्कार झाला. गुरुजी धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "चालू होतेय. सेल्फवर, धक्का न मारता. रोज."

काकू तांदूळ धूत होत्या. त्यांनी पाणी ओतलं, पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. मग म्हणाल्या, "रविवारी बघू."

रविवारी काकूंनी तीच नऊवारी काढली. दशम्यांचा डबा घेतला. बेत सारनाथचा होता. मी पुढे, काकू मागे, आणि गुरुजी किल्ली हातात घेऊन नुसतेच बसलेले. ओठ हलत होते, कोणतं स्तोत्र चालू होतं देव जाणे. त्यांनी किल्ली फिरवली आणि मोटार एका दमात चालू झाली. दोन्ही म्हशींनी मान वळवून पाहिलं. गुरुजींनी आरशात काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, पण ऐटीत.

राजघाटाच्या पुलापर्यंत आम्ही राजासारखे गेलो. पुलाच्या मध्यावर जाम लागला होता. पुढे ट्रक, मागे बस, खाली रेल्वे आणि त्याच्या खाली गंगा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्यात चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि जळका वास सुटला.

"गुरुजी, बंद करा," मी म्हणालो.

"नाही."

"इंजिन जाईल हो!"

"जाऊ दे." त्यांचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी उभं होतं. मग हळूच, मलाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "एकदा बंद केली की ढकलावी लागेल. ही मागे बसलीय."

तेवढ्यात दोन सीटांच्या मधून बांगड्यांचा एक हात पुढे आला आणि त्यानं किल्ली फिरवली. मोटार गप्प झाली.

"अगं, काय केलंस हे!"

"मारताय का तिला?" काकू म्हणाल्या. आजवर त्या मोटारीला 'ते धूड' म्हणत आल्या होत्या. "अट माझी होती न? मी मोडली. उघडा ते झाकण."

पिण्याच्या पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः रेडिएटरमध्ये रिकामा केला. मोटार गार होते न होते तोच जाम सुटला आणि मागून भोंग्यांचा कल्लोळ उठला. काकूंनी पदर खोचला, मला म्हणाल्या, "तुम्ही त्या बाजूनं." मग मागच्या बसकडे वळून ओरडल्या, "देख क्या रहे हो? हाथ लगाओ!" दहाबारा माणसं पटापट उतरली. काशीत धक्का मारायला कुणी नाही म्हणत नाही.

मोटार खोकली, हादरली आणि सुटली ती सुटलीच. थांबवली तर पुन्हा बंद पडणार, म्हणून गुरुजी थांबेचनात. खिडकीतून एक हात हलवत ते पूल संपेपर्यंत दिसत राहिले. काकू कठड्याला टेकून पोट धरधरून हसत होत्या. "बघितलंत? बायको सोडून गेले!" त्यांना तसं हसताना मी प्रथमच पाहत होतो.

आम्ही चालत पुलाच्या टोकाशी पोचलो तर गुरुजी ट्रॅफिकच्या शिपायाभोवती गोल गोल चकरा मारत होते. मागचं दार सताड उघडं. "चढ! थांबवता येत नाही!" काकूंनी कमरेवर हात ठेवून एक फेरी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसऱ्या फेरीला ती साठीची बाई नऊवारीसकट आत शिरली. शिपायानं शिट्टी वाजवायची सोडून टाळी वाजवली.

मला काही ते जमलं नाही. माझ्या वाट्याच्या दशम्यांसह दोघं सारनाथला निघून गेली.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी बनारसला गेलो तेव्हा गुरुजी नव्हते. गेल्या थंडीत गेले, फार त्रास झाला नाही, असं काकूंनी सांगितलं आणि चहा ठेवला. मी विचारलं, "त्यानंतर बसलात का हो कधी मोटारीत?"

"बसायला कुठे मिळायचं?" काकू म्हणाल्या. "दर रविवारी जायचो आम्ही. हे पुढे, मी मागे, ढकलायला. चौकातले लोक यायचे मदतीला, मी कुणाला हात लावू द्यायची नाही."

"आणि आता मोटार?"

"आहे गोशाळेतच. परवा मिस्त्री म्हणाला, माताजी, ठीक करून देतो, चालवून बघू." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सारला. "मी म्हटलं, राहू दे. पुढे हे बसलेले नाहीत, तर ढकलून मी करू काय?"