टेकडी न चढता

हे लिहावे की नाही, याचा माझा अजून निश्चय होत नाही. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंदूरला शिकत असताना नवस, कौल यांवरची माझी श्रद्धा डळमळली होती, आणि आजही ती पुरती घट्ट झाली आहे असे मला म्हणवत नाही. म्हणून जे पाहिले तेवढेच सांगतो.

माझे थोरले काका धार दरबारच्या पागेत खोगिरे शिवीत. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हते; तंबाखू तेवढी सोबतीला राहिली. उतारवयात त्यांच्या गालाच्या आत व्रण झाला आणि तो भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कर्करोग म्हणून सांगितले. या वयात शस्त्र लावण्यात अर्थ नाही, पण पातळसे काही पोटात जात राहिले तर काही महिने बरे जातील. नाहीतर रोगाच्या आधी उपासच त्यांना नेईल, असे ते म्हणाले.

काकांनी नेमके अन्नच सोडले. ठणका होताच, पण लाज त्याहून मोठी होती. घोट घेतला की ओठाच्या कोपऱ्यातून ओघळे. व्रणाला वास येई, आणि पागेतले जुने सोबती दाराशीच बसून उठून जात. कोणाच्या देखत खायचे नाही, हा त्यांचा हट्ट. आणि एकट्याने वाटी धरावी तर हात कापत. माझी आई रोज पेज करून उंबऱ्याशी ठेवी आणि पदर पुढे ओढून मागे सरे. थोरल्या दिरासमोर जायची आमच्यात रीत नव्हती. पेज तशीच निवून जाई.

सुटीत मी घरी आलो तेव्हा त्यांनी एकच मागितले. देवासच्या टेकडीवर देवीच्या पायांवर डोके ठेवायचे होते. आमच्या घरी देवीला आईच म्हणतात. वडिलांना रजा नव्हती, म्हणून मीच बैलगाडी करून त्यांना नेले. पायथ्याच्या धर्मशाळेत उतरलो, डोलीवालेही ठरवले. पण डोली समोर येताच काकांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"असलं तोंड आईला दाखवू?" एवढेच ते म्हणाले.

आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता. मी दुधाची वाटी पुढे केली, ती त्यांनी हाताने सारली. मी जवळ गेलो की त्यांचा संकोच वाढे. ते ओट्यावर पडून "आई, आई" असे कण्हत राहिले. वेदनेने म्हणत होते की देवीला हाक मारत होते, कोण जाणे. हे इथेच जाणार, असे माझ्या मनाने घेतले.

ओट्याखाली एक म्हातारी माळवी बाई हार-नारळ विकत बसली होती. माळवीत 'आई' म्हणजे 'आली'. तिने मान वर करून मला विचारले, "कुण आई, भिया?" कोण आली, भाऊ?

कोणी नाही आली, मी म्हणालो. काका पुन्हा कण्हले. तशी ती गुडघ्यावर हात देत उठली आणि हसून म्हणाली, "कोई नी आई तो म्हूं आई." कोणी नाही आली, तर मी आले.

काकांनी डोळे उघडले. ती ओट्यावर बसली, त्यांचे डोके तिने मांडीवर घेतले आणि माझ्या हातातली वाटी ओढून घेतली. "पी लो दाजी, दूध ठंडो वई रियो हे," ती रागे भरली. प्या बाबा, दूध निवतंय. पहिला घोट बहुतेक बाहेरच आला. तिने तो आपल्या पदराने पुसला आणि वाटी परत ओठाला लावली. नाक मुरडले नाही, तोंड फिरवले नाही. गिऱ्हाइके हाका मारीत होती, त्यांना थांबा म्हणाली. वाटी रिकामी व्हायला बराच वेळ लागला, पण झाली.

संध्याकाळी काका जरा हुशारले. सकाळी डोली बोलावू का, असे मी विचारले. त्यांनी मानेने नको म्हटले. मग मला राहवेना. ती बाई आपल्या बोलीत 'आले' म्हणाली, 'मी आई' असे म्हणाली नाही, हे मी चाचरत त्यांना समजावू लागलो.

काकांच्या डोळ्यांत हसू आले. एकेक शब्द सावकाश जुळवीत ते म्हणाले, "जन्म पागेत माळवी बोलणाऱ्यांत गेला माझा. माळवी मला शिकवतोस?" मग म्हणाले, "आली ना पण?"

मी उठून डोलीवाल्यांना नको म्हणून सांगून आलो.

आम्ही टेकडी न चढता धारला परतलो. दुसऱ्या दिवशी आईने पेज उंबऱ्याशी ठेवली, तेव्हा काकांनी तिला आत बोलावले. ती घुटमळली, मग आत गेली. व्रण काही भरला नाही. दसऱ्याच्या आधी काका गेले. पण तोवर रोज तिच्या हातून जेवले, आणि ओघळले तर तिला पुसू दिले. देवाला शरण जाणे म्हणजे त्याच्यापुढे डोके टेकणे, असे मी समजत होतो. आपले ओघळते तोंड दुसऱ्याच्या हाती देणे त्याहून कठीण असावे, आणि ते काकांना साधले. जिने ते साधू दिले, ती कोणी का असेना, तिचा मी ऋणी आहे.