भेटण्याची वेळ: चार ते पाच

बाहेरून आल्या की अक्का आधी चपला काढत नसत. आधी पाठीवरची निळी सॅक उतरवत, भिंतीला टेकवत आणि तिला म्हणत, "बैस बाई, दमली तू." मग चपला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या एकाच घरात आम्ही सव्वीस वर्षं राहिलो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्या शाळेत भूगोल शिकवत.

भूगोलाच्या या बाईंनी निवृत्त होईपर्यंत स्वतःचं रेल्वेचं तिकीट कधी काढलं नव्हतं. बँकेत जायचं तरी मी सोबत लागे. काउंटरवर मी बोलायची, त्या मागे पर्स घट्ट धरून उभ्या. आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की त्या एकट्या फिरायला निघणार. परत कधी, ते माहीत नाही. "पोरांना नकाशावर काठीनं सगळ्या नद्या दाखवल्या, मंदा. माझा पाय मात्र एका तापीतच बुडाला."

मी लगेच यादी केली. यादीशिवाय मला सुचत नाही. वाणसामान, औषधं, पाहुणे, सगळ्यांच्या याद्या आमच्या फ्रिजवर असतात. अक्कांसाठी बेचाळीस वस्तू निघाल्या. त्यांनी पेन मागून घेतलं आणि चौतीस खोडल्या. "अगं, ही सॅक आहे, तुझं रुखवत नाही." मग खाली एक वस्तू स्वतः लिहिली: दराबा. आमच्या गावची तुपातली मिठाई.

पहिल्या आठवड्यात रायपूर स्टेशनवरून फोन करून त्या रडल्या. "परत येऊ का गं?" मी म्हणाले, "या." त्या आल्या नाहीत. दहा महिने फिरल्या.

ओडिशात, समुद्राजवळच्या एका गावात, बस चुकली म्हणून त्या कुणाच्या तरी ओट्यावर बसल्या. घरातून एक बाई बाहेर आली. ती सबिता. ना यांना तिची भाषा, ना तिला यांची. अक्कांनी दराब्याचा डबा उघडला. पुढची बस पकडायची ती त्यांनी अठरा दिवसांनी पकडली. तेवढे दिवस दोघी गच्चीवर उडदाचे सांडगे घालत होत्या, पांढऱ्या फुलांसारखे. "काय बोलू, याचाच डर होता मला जिंदगीभर," अक्का सांगायच्या. "लोकांना बोलणं नको असतं गं. बाजूला बसणं पाहिजे असतं."

परतल्यावर आम्ही बँकेत गेलो, तेव्हा त्या पुढे होत्या आणि पर्स धरून मागे मी.

तीन वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळल्या. डॉक्टर म्हणाले, माणसांची गर्दी नको. मी दारावर कागद लावला: भेटण्याची वेळ, चार ते पाच. येणाऱ्यांची यादीही केली. ती वाचून अक्का म्हणाल्या, "सबिताचं नाव नाही यात. तिच्या भाच्याच्या फोनवर कळवलंय मी. येईल ती."

"ओडिशातून? इतक्या लांबून कोण येतं, अक्का?"

"मी गेलेच होते ना?"

मी नाव लिहिलं नाही.

एका सकाळी साडेदहाला दार वाजलं. विटकी साडी, पाठीवर गाठोडं, साठीची बाई. काहीतरी विकायला आली असावी, असं वाटलं. ती तुटक हिंदीत म्हणाली, "दीदी... दीदी है?" आत अक्कांचं अंग पुसायची वेळ झाली होती. मी कागदाकडे बोट दाखवलं. "चार बजे." ती मनगटाला बोट लावून म्हणाली, "दो बजे रेल." मी पुन्हा म्हणाले, "चार बजे." तिनं माझ्या हातात एक पुडी ठेवली, आतल्या खोलीच्या दिशेनं हात जोडले आणि गेली.

पुडी मी तीन वाजता उघडली. पांढरी फुलं, उडदाची.

"सकाळी कोण आलं होतं गं? आवाज आला," अक्कांनी संध्याकाळी विचारलं.

"पत्ता विचारत होती कुणीतरी."

नवव्या दिवशी अक्का गेल्या. तोवर रोज, दार वाजलं की त्या मान वळवायच्या.

मागच्या हिवाळ्यात मी निघाले. तीच निळी सॅक, नऊच वस्तू, त्यात दराबा. सोबत हिंदीतली तीन वाक्यं एका कागदावर. मी अक्कांची भावजय. अक्का गेल्या. तुम्ही आलात तेव्हा त्या जाग्या होत्या, तुमचीच वाट बघत होत्या, मी तुम्हाला दारातून परत पाठवलं.

मी पोचले तेव्हाही सकाळच होती. सबितानं दार उघडलं. मला तिनं ओळखलंच असणार. बाकीचं कळलं ते तिथे तिच्या भाच्याकडून: गावच्या यात्रेबरोबर ओंकारेश्वरला निघालेली ती आमच्यासाठी एकटीच मध्ये उतरली होती. त्याआधी ती एकटी कधी गाडीत बसली नव्हती. "दीदी येऊ शकते, तर मी का नाही," असं म्हणाली होती म्हणे.

पण ते नंतर. दारात तिनं माझ्या खांद्यावरून सॅक उतरवली, भिंतीला टेकवली आणि अगदी अक्कांच्या मराठीत तिला म्हणाली, "बैस बाई, दमली तू."

मी दोन वाक्यं वाचली. तिसरं वाचता आलं नाही. चार दिवस तिच्या बाजूला बसून सांडगे घातले, तरी नाही.

कागद आता फ्रिजवर आहे. दोन ओळींपुढे खूण आहे.