कशाने खाजवता?

डायलिसिस विभागातल्या वरिष्ठ सिस्टरांना सारे रुग्ण ‘ताई’ म्हणत. कर्मचारी मात्र, त्यांच्या कानांवर जाणार नाही अशा बेताने, ‘खाजवाल्या बाई’ म्हणत. ताईंना ते ठाऊक होते. कोणाच्या तोंडून चुकून समोरच निघाले, तर त्या शांतपणे ‘बोला’ म्हणत, आणि पंचाईत बोलणाऱ्याचीच होई.

त्यांची उमेदीची सारी वर्षे त्या लांबट खोलीत गेली होती. खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेशेजारी रक्त गाळून पुन्हा शरीरात सोडणारे यंत्र, आणि त्या यंत्रांची अखंड घरघर. मुले मार्गाला लागल्यावर, ज्या वयात मैत्रिणी आपापल्या गुडघ्यांविषयी बोलू लागतात त्या वयात, ताईंनी नर्सिंगमधील संशोधनासाठी नाव नोंदवले. विषय घेतला तो मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या अंगाला सुटणाऱ्या खाजेचा.

पहिली सलामी नणंदेने दिली.

“वहिनी, लोक हृदयावर संशोधन करतात, मेंदूवर करतात. तू खाजेवर करणार? चार लोकांत आम्ही सांगायचं काय?”

“सांग, वहिनीला नसती खाज आहे.”

“ती आहेच,” सासूबाई वर्तमानपत्रामागून म्हणाल्या. “लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय मी.”

विषयाची टिंगल ताईंनी सहज पचवली. प्रश्नावलीच्या पहिल्या फेरीची उत्तरे पचवणे जड गेले. ‘अंगाला खाज येते का?’ या प्रश्नावर जवळजवळ साऱ्या रुग्णांनी ‘नाही’ असे सांगितले. मास्तरांनीही तेच सांगितले. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, खिडकीजवळच्या खाटेचे मानकरी. ‘नाही’ म्हणताना ते खाटेच्या कठड्याला पाठ घासत होते.

विभागप्रमुख डॉक्टर हे शिस्तीचे आणि मनाने सरळ गृहस्थ. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावले.

“ताई, तुमचेच साक्षीदार फुटले. पुढच्या बैठकीत हा अभ्यास बंद करू या. रक्तदाबावर काही चांगलं करा, मार्गदर्शन मी करतो.”

“सर, ते खोटं बोलताहेत.”

“सगळेच?”

“सगळेच. लाजताहेत.”

“लाज मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी फाइल मिटली.

केबिनबाहेर मास्तरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या ताईंना कोपऱ्यात घेऊन गेल्या. “यापुढे यायचं नाही म्हणतात. सुया सोसतो म्हणतात, पथ्य सोसतो म्हणतात, पण हे नको. ‘हे’ म्हणजे काय, ते बोलायला तयार नाहीत. पण शर्ट मी धुते ना. पाठीवर रक्ताचे ठिपके असतात.”

डायलिसिस सोडणे म्हणजे काय, हे दोघींनाही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ताई तडक आत गेल्या, मास्तरांच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि नळीची पट्टी सारखी करता करता, वेळ विचारावी इतक्या सहज त्यांनी विचारले, “मास्तर, पाठ कशाने खाजवता?”

“फुटपट्टीने,” मास्तर बोलून गेले. मग छताकडे पाहत म्हणाले, “जिने जन्मभर पोरांचे हात लाल केले, तीच. आता माझ्यावर सूड उगवतेय.”

“मी कंगव्याने,” शेजारच्या खाटेवरून आवाज आला. गृहस्थ व्यवसायाने शिंपी होते. “मोठ्या दातांचा लागतो. बारीक दातांचा कामाचा नाही.”

“तुमचे हात तरी पोचतात हो,” पलीकडचा बसचालक म्हणाला. “मी दाराच्या चौकटीला घासतो. बायको म्हणते, घरात म्हैस पाळलीय.”

त्या खोलीत यंत्रांच्या घरघरीवर माणसांचे हसणे चढलेले ताईंनी प्रथमच ऐकले.

दुसरी फेरी त्यांनी याच प्रश्नावर केली आणि कागद बैठकीत मांडले. डॉक्टरांनी ते सावकाश वाचले.

“हा प्रश्न उत्तर तोंडात कोंबतो. चोराला ‘चोरी कशाने केलीस’ असं विचारल्यासारखं आहे हे.”

आक्षेप खरा होता आणि ताईंनी तो नाकारला नाही. “म्हणूनच पर्यायांत पहिलं उत्तर ‘खाजवतच नाही’ हे ठेवलंय, सर. प्रत्येकाला तेच आधी वाचून दाखवलं. किती जणांनी ते घेतलं, पाहा.”

फार थोड्यांनी घेतले होते. डॉक्टरांनी त्या आकड्यावर बोट ठेवले.

“तरीही विभागाची काही प्रतिष्ठा आहे, ताई.”

“मग बंद करा. फक्त कारण लेखी द्या. ‘आमच्या रुग्णांना खाज येत नाही’, एवढंच. खाली तुमची सही. मी ते विभागाच्या दाराला लावते, येणारेजाणारे वाचतील.”

बैठकीला बसलेल्या मेट्रनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. खोकला की हसू, हे कोणी विचारले नाही.

“निदान शीर्षक तरी बदला,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता. “‘त्वचेची असुखकर संवेदना’ म्हणा. कानाला बरं वाटतं.”

“सर, असुखकर संवेदना कोणी फुटपट्टीने खाजवत नाही.”

शीर्षक राहिले. अभ्यासही राहिला. बैठक संपल्यावर डॉक्टर कोणाशी न बोलता मास्तरांच्या खाटेकडे गेले, त्यांनी शर्ट वर करायला लावून पाठ पाहिली आणि तिथेच उभ्याने औषध लिहून दिले. ताईंनी मलमाची आणि अंघोळीच्या पाण्याची शिस्त घालून दिली. सगळे जादूसारखे थांबले, असे काही झाले नाही. पण मास्तर येत राहिले.

विभागात अजूनही ‘खाजवाल्या बाई’ म्हणतात, आता जरा मोठ्याने. ताईंची त्याला हरकत नाही. परवा मास्तरांच्या हाताला पट्टी बांधताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“सध्या कशाने?”

“हाताने भागतं,” मास्तर म्हणाले. “जिथे हात पोचत नाही, तिथलं राहू देतो.”

“राहू द्यायचं नाही,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी नोंदवही उघडून खिशातून पेन काढले. “कुठे पोचत नाही ते दाखवा.”