उजव्या कुशीवर

आमच्या संशोधन संस्थेत आत्याबाई पेशी सांभाळतात. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण पेशींचे एवढे लाड सख्खी आत्यासुद्धा करणार नाही. मी तिथे गॅसचे सिलिंडर पोचवतो, व्हॉल्व्ह बसवतो. डॉक्टर मंडळी समोर आली की मान हलवतात आणि पुढे जातात. आत्याबाई आधी विचारतात, "जेवलास का रे?" मग गॅसचं बोलतात.

आजारी मुलांच्या नाकात बारीक ब्रश फिरवून पेशी काढतात. त्या इवल्या ताटल्यांमध्ये वाढवायच्या, माझा गॅस सोडलेल्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि वेळच्या वेळी खाऊ घालायच्या, हे आत्याबाईंचं काम. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून आत्याबाईंनाही नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नातून बाई अर्ध्यावर उठून आल्या होत्या. नवरा म्हणतो, "हिची लेकरं लाखांनी आहेत, उपाशी काय तो मीच."

ताटल्यांशी त्या बोलतातही. मी एकदा चिडवलं, "त्यांना काय डोंबल कळतंय?"

"त्यांना नाही कळत. पण गप्प बसून मला काम सुधरत नाही," त्या म्हणाल्या.

तर त्या ताटल्यांमध्ये एक होती एका मुलाची. आपल्या श्वासनलिकेत आतून बारीक केस असतात, ते सतत हलून कफ वर ढकलत राहतात. काही मुलांचे हे केस जन्मापासूनच हलत नाहीत. कफ साचतो, फुफ्फुसं कुजत जातात. अशा काही मुलांचं काळीजही उजवीकडे असतं. या मुलाचं तसंच होतं. नातेवाइकांपैकी कुणीतरी थट्टेनं त्याला 'उलट्या काळजाचा' म्हणालं, तेव्हापासून त्याच्या आईनं त्या घरची पायरी चढली नव्हती.

मूल गेलं. ताटली राहिली.

आणि ते गेल्यानंतर डॉक्टरांच्या नव्या औषधानं त्या ताटलीतले केस हलायला लागले. पडद्यावर मोठं करून दाखवतात तेव्हा दिसतं, पेशींवरचा चिकट थर हळूहळू गोल फिरत असतो, कुणी पळीनं ढवळावं तसा. बाकीच्या ताटल्या केस मुळातच हलणाऱ्या मुलांच्या, त्या सगळ्या डावीकडे फिरत होत्या. ही उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, योगायोग. मीही तेच म्हणालो. पण त्या खोलीत एकटं थांबायला मला आवडेनासं झालं, हेही खरं.

त्या मुलाला धाकटी बहीण आहे. तिलाही तोच आजार. औषध तिला द्यायचं तर आधी एक परीक्षा होती. दुरुस्त झालेल्या पेशी इजा झाल्यावर पुन्हा सावरतात का? म्हणून ताटल्या बंद पेटीत ठेवून त्यांना धूर द्यायचा. औषध लागू पडलेली ताटली एकच होती. ती मेली तर सगळं मुसळ केरात. आणि आईनं नको म्हटलं तर कुणालाही त्या ताटलीला हात लावता आला नसता.

आई आली. मुलगी बाहेर बाकावर खोकत बसली. आत्याबाईंनी पडदा लावला. सगळ्या ताटल्या एकदम दिसत होत्या, नुसते आकडे, नाव कुठेच नाही. कुणी काही सांगायच्या आत आईनं बोट ठेवलं.

"हा."

आत्याबाईंनी नुसती मान डोलावली.

"बरा झाला की हो," आई म्हणाली. "ताई, आता पुढे काय करणार त्याचं?"

आत्याबाईंना गोड बोलून वेळ मारून नेणं जमत नाही. म्हणाल्या, "उद्या धूर देणार. त्यातून उठला तर औषध मुलीला. नाही उठला तर नाही."

"म्हणजे त्यानं पुन्हा मरायचं?"

बाहेर मुलीला खोकल्याची उबळ आली. आई ती थांबेपर्यंत ऐकत राहिली.

"द्या," ती म्हणाली. "मी बाकावर बसते."

धूर दिला आणि सगळ्या ताटल्या थांबल्या. दुसऱ्या सकाळी बाकीच्या एकेक करून फिरू लागल्या. त्याची मात्र निपचित. तेवढ्यात आत्याबाईंनी मला हाक मारली, कपाटातून आवाज येतोय म्हणून.

घरघर होती. ओली, मधेच अडकणारी. व्हॉल्व्हच असणार, दुसरं काय. मी नवा बसवला. घरघर चालूच. नळी बदलली. तरी चालूच. शेवटी मी गॅसच बंद केला, वीजही काढली. कपाट मुकाट उभं होतं आणि आत काहीतरी श्वास घेत होतं. आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

दाराबाहेरच्या बाकावरून आईचा आवाज आला. अगदी साधा, रोजचा. "त्याला उजव्या कुशीवर घ्या, ताई. म्हणजे थांबतं."

आत्याबाईंनी कपाट उघडलं. ती ताटली काढून उजव्या कडेला सरकवली, अलगद, झोपमोड होऊ नये तशी. घरघर थांबली. मी वीज जोडली, गॅस सोडला. दुपारी पडद्यावर तो पुन्हा फिरू लागला, आपला उलटाच.

औषध मुलीला मिळालं. आता ती संस्थेचा जिना धावत चढते आणि वरून माझी टिंगल करते, "काका, म्हातारे झालात!" करू दे बापडी.

अभ्यास संपला की ताटल्या ब्लीचमध्ये बुडवून टाकायच्या असतात. त्या दिवशी आत्याबाईंनी आईला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःच्या हातानं करायचं असेल तर करा."

आईनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्स उचलली.

"मी एकदा केलंय त्याचं, ताई. आता तुम्ही करा."

ती गेल्यावर आत्याबाईंनी ताटली कपाटातून काढली. नेहमी त्या डाव्या हातात धरतात. त्या दिवशी उजव्या बाजूला, छातीशी धरली आणि मोरीपर्यंत तिच्याशी काहीबाही बोलत गेल्या. मी काही चिडवलं नाही. कपाटाचा गॅस बंद करायचा होता. मी चावीवर हात ठेवून उभा राहिलो, आणि त्यांचं बोलणं थांबल्यावरच ती फिरवली.