एक छत्री आणि एक वीत

त्याने मला फसवलं. मी बाळकुमची कोळीण, तागडीचा काटा केसाएवढा झुकला तरी ओळखणारी. आणि मला फसवलं नौपाड्यातल्या एका कारकुनाने, माझ्याच अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, खोट्या मापाने. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल दोन-चार बरी वाक्यं लिहावी लागतील. ती वाचून विरघळू नका.

"पुन्हा," हा त्याचा लाडका शब्द. हा शब्द उच्चारताना तो छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचा. ऊन असो, ढग असोत, छत्री हातात असायचीच. पण ती डोक्यावर उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती त्याची काठी होती, पट्टी होती, आणि मला वाटतं त्याची अक्कलही तिच्यातच होती.

त्याची माझी गाठ पडली ती माझ्या रागामुळे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आई नौपाड्यात दारोदार मावरं विकायची आणि मी तिच्यामागून तागडी घेऊन फिरायची. एका बाईने पापलेटं उलटीपालटी केली, बोटं आईच्याच पदराला पुसली आणि म्हणाली, "तुम्ही लोक माप मारता." आई हसून सोडून देणार होती. मी तागडीचं एक पारडं साखळीतून सोडवलं आणि फेकलं. बाईला लागलं नाही, लागू द्यायचंही नव्हतं. पारडं तिच्या डोक्यावरून, कुंपणावरून, समोरच्या इमारतीच्या गॅलरीपर्यंत गेलं आणि तिथल्या गजांवर खणकन आपटलं.

गॅलरीत हा गृहस्थ बनियनवर पेपर वाचत बसला होता. तो पारडं घेऊन खाली उतरला. आता भांडण होणार म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. त्याने पारडं माझ्या हातात दिलं.

"पुन्हा फेक," तो म्हणाला.

आई मला म्हणाली, "काय येरा झाला का ह्यो?"

वेडाच होता. दिवसभर कचेरीत कागदांना टाचण्या टोचायच्या आणि डोक्यात थाळीफेक. आयुष्यात त्याने स्वतः थाळी किती फेकली होती, तर माझ्या समोर एकदा, आणि ती आमच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत गेली. त्याची सगळी विद्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांवरून आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत टेप धरायला उभा राहायचा, त्यावरून आलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः पाण्यात उतरत नाहीत, काठावरून दुसऱ्याला हात मारायला शिकवतात.

दर रविवारी तो नौपाड्याहून बाळकुमला चालत यायचा. तेव्हा आमच्याकडे इमारतींचा पत्ता नव्हता. घरं, अंगणं, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या आणि पलीकडे खाडी. तो नाकाला रुमाल लावून बोंबलांमधून वाट काढायचा. आई त्याला कोरा चहा द्यायची. कपाच्या आत डोकावून बघितल्याशिवाय तो एक घोट घ्यायचा नाही.

मैदान नव्हतं, थाळीही आधी नव्हती. तेव्हा सगळा सराव घरच्या घरी. ओल्या पंच्याला गाठ मारायची आणि तो फेकायचा. गाठ अंगावर आदळली म्हणजे हात आधी सुटला. मग तागडीचं पारडं. पुढे कुठल्या तरी शाळेने टाकून दिलेली लाकडी थाळी त्याने आणली, लोखंडी कडा गंजलेली. ती लांब फेकायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी एक जुनं जाळं दोन बांबूंमध्ये टांगून दिलं. मी गिरकी घ्यायची, थाळी जाळ्यात जायची, मी ती उचलून आणायची. लांब किती गेली असती, ते कधी दिसायचंच नाही. बाबा जाळी विणता विणता विचारायचे, "काय गो, आज जाल्यान काय गावला?"

चूक कळायला आरसा नव्हता. त्याने सावली शोधली. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन उभी राहा आणि सारवलेल्या जमिनीवरची आपली सावली बघत हळू वळ. सावलीचं कोपर खाली गेलं की छत्रीचं टोक त्या सावलीवर यायचं. माझ्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नाही, की छत्री टोचली नाही. जे काय टोचायचं ते सावलीला.

"हात खोटं बोलतो. कंबर खरं बोलते. पुन्हा."

"सर, दमले मी."

"तू दमलीस. कंबर दमलेली नाही. पुन्हा."

"कंबर काय तुमची आहे का?"

यावर तो हसायचा नाही. मी एवढी तोंडाळ, बाजारात माझ्याशी बोलायला गिऱ्हाईक दोनदा विचार करायचं. पण या माणसापुढे माझे टोमणे पाण्यात मीठ टाकावं तसे जायचे. आणि हे लिहिताना मला राग येतो, पण खरं ते खरं: एके दिवशी माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाकाला रुमाल नाही. केव्हा काढला, कळलंच नाही. नंतर तो कधी लावलाही नाही. चहाच्या कपात डोकावणंही थांबलं.

आता त्या गोलाबद्दल. थाळी गोलात उभं राहून फेकायची असते. पाय बाहेर टेकला की ती फेक बाद, मग थाळी कल्याणपर्यंत का जाईना. आमचं अंगण दर पावसाळ्यात धुऊन जायचं, दिवाळीआधी आई ते नव्याने चोपून सारवायची. मग हा मधोमध खुंटी ठोकायचा, खुंटीपासून छत्री जमिनीवर आडवी ठेवायचा, तिच्या टोकापुढे आपली एक वीत, आणि त्या अंतराने चुन्याची रेघ फिरवायचा. एक छत्री आणि एक वीत.

"टेपने मोजा ना," मी एकदा म्हटलं.

"माझी छत्री टेपला लावून पाहिलेली आहे."

होती. पण ती छत्री एका रविवारी बांधावरच्या वाऱ्याने खाडीत उडवली. बाबा होडी घेऊन मागे गेले, हसता हसता वल्हं सुटायची वेळ आली, छत्री मिळाली नाही. त्याने नवी घेतली. लांब दांड्याची, पुढे चकचकीत पोलादी टोक, मिरवायची वस्तू. त्या दिवाळीला गोल काढला तो या नव्या छत्रीने. टेपला लावून पाहिली का, हे मी विचारलं नाही. मासळी बाजारात पारड्याखाली चिकटवलेलं मेण मी लांबून ओळखते. घरच्या अंगणात रांगोळीसारखा काढलेला गोल कोण तपासतं?

त्या वर्षी मी वाढले, गिरकी वेगवान झाली. थाळी सुटल्यावर माझा पाय पुढे घसरायचा तो रेघेला अगदी अंगठा लावून थांबायचा. "बघ," तो म्हणायचा, "कंबर खरं बोलते आहे. रेघेला कळतं."

जिल्ह्याची निवड तोंडावर आली. निवड झाली तर पुढची स्पर्धा, आणि त्यातून खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरी. दोन मुलींना तशी लागल्याचं त्यानेच शोधून काढलं होतं. आईने सरळ सांगितलं होतं, "झाली तर नोकरी. नाय झाली तर पाटी." पाटी म्हणजे मावऱ्याची टोपली, तिच्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर. माझ्या थाळीला तेवढा एकच भाव होता आणि त्यात घासाघीस नव्हती.

निवडीच्या आधीच्या रविवारी ऊन रणरणत होतं आणि तो छत्रीशिवाय आला. मी विचारलं, "छत्री?" तो म्हणाला, "विसरलो." मग म्हणाला, "आज फेकायचं नाही. विश्रांती." चहा घेतला, गोलाभोवती एक चक्कर मारली आणि गेला.

मैदानावर पहिल्या फेकीला थाळी अशी गेली की टेपवाले मागे सरकले. मी वळून पाहिलं तर लाल निशाण वर. पाय बाहेर. दुसऱ्या वेळी लाल. तिसऱ्या वेळी मी इतकी जपून फेकली की थाळी जवळच पडली, आणि पाय तरीही बाहेर. पायाला दिवाळीपासूनची सवय होती. त्याला त्याचं अंगण आठवत होतं. तो दोरीपलीकडे उभा होता, छत्री हातात. तिच्याकडे बघायला मला डोळे कुठे होते?

मला रडू आलं नाही, संशय आला. बाजारात वाढलेल्याला आधी संशयच येतो. सगळे जेवायला गेल्यावर मी तो गोल पावलाला पाऊल लावून मोजला. घरी येऊन अंगणातला मोजला. अंगणातला मोठा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेले. "सर, तुमचा गोल मोठा होता."

तो गॅलरीतल्या कुंडीकडे बघत म्हणाला, "गोल गोलच असतो. त्या दिवशी तुझी कंबर खोटं बोलली."

एवढंच. त्यानंतर तो रविवारी आला नाही. आईने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाटी.

मी कुणाच्या उपकारावर वर आले नाही. पाटीतून बर्फ, बर्फातून टेम्पो, टेम्पोतून ठाण्या-डोंबिवलीच्या हॉटेलांचा माल. आज माझ्याशी भाव करायला लोक माणसं बरोबर घेऊन येतात. तेव्हा मी भिकेला लागले म्हणून रडते आहे असं समजू नका. माझं म्हणणं मापाचं आहे.

नव्वदीनंतर डोंबिवलीतल्या एका गिऱ्हाइकीण बाईने मुलीच्या नोकरीचे पेढे दिले. "थाळीफेकीवर लागली. आमच्या शेजारच्या इमारतीत नौपाड्याहून राहायला आलेले एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, गच्चीवर शिकवतात. फार देवमाणूस."

"छत्रीवाला?" मी विचारलं.

"तुम्ही ओळखता?"

मी पेढा न खाता त्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपाशी जुनं जाळं टांगलेलं, दोरीवर गाठ मारलेला पंचा, आणि लादीवर ऑइलपेंटने रंगवलेला गोल. बर्फाच्या पेट्यांची मापं मी दुसऱ्यावर सोडत नाही. टेप माझ्या पिशवीत असतोच. मी खाली बसले आणि गोल मोजला. बरोबर. एक बोटही इकडेतिकडे नाही.

मागे तो येऊन उभा होता. वाळून गेलेला, हातात साधी काठी.

"हा बरा बरोबर निघाला," मी म्हणाले.

"गच्चीवर जागा कमी होती," तो म्हणाला. "म्हणून लहान काढला."

असलं उत्तर माझ्या बाजारात एखाद्याने दिलं असतं तर मी त्याची टोपली उलटी केली असती. इथे मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग विचारलं, "कंबर कशी आहे?"

"दुखते. पाटी वाहून."

त्याने मान हलवली. जिना उतरताना मागे वळून पाहिलं, तर तो गोलाच्या रेघेवरून काठी फिरवत होता, पोराच्या केसांतून हात फिरवावा तशी.

तो गेल्याचं मला पेढेवाल्या बाईकडूनच कळलं. शोकसभा झाली म्हणे, मुली रडल्या, देवमाणूस हा शब्द पुष्कळदा आला. मी गेले नाही. महिनाभराने त्याची बायको नौपाड्यातल्या माझ्या मासळीच्या दुकानात आली. मासे न घेणारी बाई ओल्या फरशीवर चपला सांभाळत उभी राहिली आणि कागदात गुंडाळलेली एक लांब वस्तू तिने गल्ल्यावर ठेवली.

"तुम्हाला द्यायची असं सांगून गेले. कारण सांगितलं नाही."

छत्री होती. तीच, दुसरी. कापड विरलेलं, काड्या गंजलेल्या, आणि ते पोलादी टोक नव्हतं. मोडलेलं नव्हतं, करवतीने कापलेलं होतं, सरळ, कानशीने घासून गुळगुळीत केलेलं. मी टेप लावला. छत्री आणि त्याची एक वीत. त्याची वीत मला पाठ आहे. बरोबर माप.

"वहिनी, ही कापली केव्हा?"

"काय?"

"टोक. केव्हा कापलं?"

त्या म्हणाल्या, आठवत नाही. करवत शेजाऱ्यांकडून आणली होती एवढं आठवतं. ऊन फार होतं एवढं आठवतं.

निवडीनंतर कापली असेल, तर तो चुकला, लाजला, आणि तोंडाने सांगता आलं नाही म्हणून त्याने करवतीने सांगितलं. असल्या भित्र्या माणसाला मी शिव्या देईन आणि सोडून देईन. पण निवडीआधी कापली असेल, त्या रविवारी, जेव्हा तो छत्री विसरून आला आणि गोलाभोवती फिरून गेला, तर त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने मला त्या मैदानावर उभं केलं, आणि वर माझ्या कंबरेला खोटी ठरवलं.

छत्री माझ्या दुकानात तागडीशेजारी टांगलेली आहे. त्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांनी यावं आणि ती बघावी. ज्या शेजाऱ्याने करवत दिली तो कुठेतरी असेलच, त्याने यावं. मला हार नको, माफी नको, भावात सूट मागायला तर मुळीच येऊ नका. टोक कोणत्या रविवारी कापलं, तेवढं सांगा.